धनी, गडी आणि पाच पिनांची वायर

ग्रंथारंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कसला आणि वाचण्याचा अधिकार कोणाला, हे चार मुद्दे आधी उरकले की पुढे वाचकाला भांडायला जागा राहत नाही. तर विषय: एका कीबोर्डावर बोटे चालवून शेजारच्या कीबोर्डाच्या पोटातून सनई काढणे. प्रयोजन: घेतलेली सुपारी परत करावी न लागणे. संबंध: हातभर काळी वायर, जिच्या दोन्ही टोकांना पाच पाच पिना आहेत. अधिकारी: ही वायर ज्याने अंधारात, टेम्पोच्या हौद्यात वाकून, तोंडात मोबाइल धरून एकदा तरी लावली आहे तो. इतरांनी वाचायला हरकत नाही, मात्र शंका काढू नयेत.

ग्रंथाचे क्षेत्र भांडगाव, तालुका दौंड. निवडीला कारण आहे. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की यवत मागे पडते, भांडगाव येते आणि लगेच पुढे चौफुला. चौफुल्याची कला केंद्रे महाराष्ट्राला माहीत आहेत. तिथे संगीतबारीत पेटी आणि ढोलकीचा मान अजून पहिला. उलट हमरस्त्यालगतच्या मंगल कार्यालयांत हळदीच्या रात्री कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि माणसापेक्षा उंच स्पीकर. हाताने वाजणारे आणि हुकमाने वाजणारे असे वाद्यविद्येचे दोन्ही संप्रदाय एका रस्त्यावर नांदतात आणि भांडगाव त्यांच्या मध्ये पडते. प्रस्तुत शास्त्राला याहून योग्य पीठ काशीतही मिळाले नसते.

आता परिभाषा. ज्या कीबोर्डावर बोटे पडतात तो धनी. ज्यातून आवाज निघतो तो गडी. धन्याच्या पाठीमागे ‘आउट’ लिहिलेले भोक असते, गड्याच्या पाठीमागे ‘इन’. वायर आउटमधून इनमध्ये जाते. एवढे एक वाक्य पाठ केले तर या शास्त्राचा निम्मा भाग संपतो. पण वाजवणाऱ्यांचे मन सममितीकडे ओढ घेते आणि ते इनला इन जोडतात. दोघेही ऐकायला बसतात, बोलत कोणीच नाही.

पूर्वपक्ष असा, की वायरीतून आवाज जातो. हे मत साउंडवाल्यांत प्रबळ आहे. ‘मास्तर, त्या वायरीचा आवाज जरा वाढवा,’ असे ते खालून ओरडतात. सिद्धान्त असा, की या वायरीतून आवाजाचा कणही जात नाही. जातात ते आकडे. मध्य सप्तकातला पांढरी एकचा सूर दाबला, की धनी तीन आकडे पाठवतो: १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ, पहिल्या चॅनेलवरच्या गड्या, पट्टी दाबली गेली आहे. दुसऱ्याचा अर्थ, साठ नंबरची. तिसऱ्याचा अर्थ, इतक्या जोराने. हा जोर १२७ पर्यंत जाऊ शकतो, आणि नवरदेव मांडवात शिरताना जातोच. सनई म्हणजे काय, हे धन्याला ठाऊकही नसते. धन्याचा आवाज शून्यावर आणला तरी आकड्यांवर परिणाम होत नाही, हे साउंडवाल्यास समजावण्यात आजवर कोणासही यश आलेले नाही.

इथे एक खोल प्रश्न उभा राहतो. बोट उचलले की काय होते? पेटीत उत्तर सोपे आहे: पट्टी वर येते, हवा अडते, सूर संपतो. या आकड्यांच्या भाषेत, म्हणजे मिडीत, मात्र बोट उचलल्याची स्वतंत्र वर्दी द्यावी लागते, कारण गड्याला धन्याची बोटे दिसत नाहीत. न वाजणे हीसुद्धा कळवण्याची गोष्ट ठरते. कणादाने सहा पदार्थ सांगितले. पुढच्या वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा मानला, तेव्हा नसलेल्या गोष्टीला पदार्थ कसे म्हणायचे म्हणून बराच गोंधळ झाला होता. मिडीने तो एका फटक्यात मिटवला. अभावाला तिने १२८ हा आकडा दिला. काही कीबोर्ड त्याहून सूक्ष्म जातात. ते तोच १४४ पुन्हा पाठवतात, पण जोर शून्य लावून. शून्य जोराने वाजवलेला सूर हा न वाजवलेला सूर होय, असे नियमातच लिहिले आहे. नैयायिकांनी हे वाचले असते तर बंगालात न्यायाच्या आणखी दोन पाठशाळा निघाल्या असत्या.

अभावाचे चार प्रकार आहेत आणि चारही हळदीच्या रात्री भेटतात. बोट पडण्यापूर्वी सनई नसते तो प्रागभाव. बोट उचलल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव. वायर घरी राहिली तर अत्यंताभाव. मागितली सनई आणि आली घंटी, तर एक म्हणजे दुसरे नव्हे, हा अन्योन्याभाव. या चौथ्याकडे पुढे येऊ.

आधी परंपरा. एका पट्टीने दुसरी पट्टी दाबण्याची कल्पना अमेरिकेतून आली असे कोणी म्हणत असेल तर त्याने कपलरची पेटी पाहिलेली नाही. कपलर ओढला की वाजवलेल्या सुराबरोबर दुसऱ्या सप्तकातली त्याच सुराची पट्टी आतल्या तारेने आपोआप खाली जाते. भजनाला बसलेली लहान पोरे अभंग सोडून या पट्टीकडे पाहत राहतात, कारण तिच्यावर कोणाचेही बोट नसते. हे प्रत्यक्ष प्रमाण होय. मिडीत गड्याच्या पट्ट्या हलत नाहीत. तो वाजतो आहे हे अनुमानाने जाणावे लागते, आणि अनुमान चुकते. अर्थात पेटीचेही सगळे सुरळीत नव्हते. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली ती तीन दशके टिकली. तिचे सूर ठरीव, मींड निघत नाही, असा आरोप होता. ज्या वाद्याला स्वतःच्याच सुराबद्दल एवढे ऐकून घ्यावे लागले, त्याच्या कपलरकडे कोण लक्ष देणार.

मिडीचा प्रत्यक्ष जन्म असा. १९८१ साली डेव्ह स्मिथ आणि चेट वुड या दोघांनी अमेरिकेत ध्वनी-अभियंत्यांच्या सभेत एक निबंध मांडला, की निरनिराळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरांना एकच भाषा असावी. जपानात रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी त्याच विचारात होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या वाद्यमेळ्यात स्मिथ यांच्या कंपनीचा प्रोफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले गेले, आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. दोन स्पर्धक कंपन्यांची यंत्रे भर बाजारात एकमेकांचे ऐकत होती. भाऊबंदकीच्या प्रदेशात राहणाऱ्या वाचकाला यातले आश्चर्य वेगळे सांगायला नको. या नियमांवर कोणी हक्काचे पैसे लावले नाहीत. २०१३ साली स्मिथ आणि काकेहाशी या दोघांना तांत्रिक कामाबद्दल ग्रॅमी मिळाले. स्मिथ २०२२ मध्ये गेले, काकेहाशी त्याच्या पाच वर्षे आधी.

मुंबई मात्र या मुहूर्तासाठी थांबली नव्हती. १९८२ सालीच चरणजित सिंग यांनी रोलंडची तीन यंत्रे, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि तबकडी काढली. तेव्हाच्या रोलंड यंत्रांत ठेका जुळवायची एक वायर होती. तिचे टोकही पाच पिनांचे, दिसायला हुबेहूब मिडीसारखे. पण तिच्यातून फक्त चालू, बंद आणि काळाची टिकटिक जायची. सूर कुठला, हे ती सांगत नसे. म्हणून आजही कोणी अडगळीतली वायर आणून ‘ही बसतीय की’ म्हणाला तर त्यास विचारावे, बसते खरी, पण बोलते काय? जुन्या टेपरेकॉर्डरच्या वायरीला हाच प्रश्न विचारावा. बसणे हे जोडले गेल्याचे प्रमाण नव्हे.

ऑक्टोपॅडचा उल्लेख न करता परंपरा संपवली तर हळदीला बोलावणे येणार नाही. आठ चौकोनांच्या या पाटाशिवाय आता दौंड तालुक्यात नवरी निघत नाही. पण १९८५ साली रोलंडने पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा तो मुका होता. त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. काठीने मारले की तो आकडे पाठवायचा, वाजायचे दुसऱ्याने. म्हणजे तो जन्मतः धनीच. आवाज त्याच्या पुढच्या पिढ्यांच्या पोटात आले.

पिनांकडे वळू. पाच पिना अर्धवर्तुळात असतात आणि कडेने मोजत गेले तर त्यांचे नंबर १, ४, २, ५, ३ असे लागतात. ही मांडणी कोणी का केली, याचा शोध घेणाऱ्याने संसार करू नये. मूळ नियमाप्रमाणे मधल्या तिघी राबतात आणि काठावरच्या दोघी, १ आणि ३, नुसत्या मिरवतात. लग्नातही काठावर उभे राहणारेच फोटोत जास्त येतात. गड्याच्या इनमध्ये आत एक बारीक दिवा असतो. आलेल्या आकड्यांबरोबर तो लुकलुकतो आणि समोरचा डोळा त्या लुकलुकीवरून आकडे पुन्हा बनवतो. दोन कीबोर्डांमध्ये विजेचा थेट संबंध येऊच दिला जात नाही. कारण तसा आला असता तर गुरगुर सुरू झाली असती. जनरेटरवर कार्यक्रम चालू असताना जी गुरगुर येते तिचे खापर मिडीच्या वायरीवर फोडणाऱ्याने आधी आपले जॅक तपासावेत.

आता आपत्तिप्रकरण, जे या शास्त्राचे हृदय आहे.

वायर एक, पण तिच्यात चॅनेल सोळा. धनी ज्या चॅनेलवर बोलतो त्यावरच गडी ऐकत असला पाहिजे. नसला तर शांतता, ती परवडते. न परवडणारी गोष्ट म्हणजे चॅनेल दहा. १९९१ साली आवाजांची जी सामाईक यादी ठरली तिच्यात दहावे चॅनेल ठेक्याच्या वाद्यांना दिले गेले. तिथे प्रत्येक पट्टी म्हणजे एक वेगळे वाद्य. चुकून धनी दहावर राहिला आणि मास्तरांनी मध्य सप्तकात बिलावलाचा सरळ आरोह घेतला, तर गडी काय म्हणतो ते पाहा. सा वर बाँगो. रे आणि ग वर काँगा. म वर टिंबाले. प वर अगोगो नावाची आफ्रिकी घंटा. ध वर मण्यांचा खुळखुळा. नि वर आखूड शिट्टी आणि तार सा वर लांब शिट्टी. ही यादीतली क्रमवारी आहे, ग्रंथकाराची कल्पना नव्हे. शिट्टी हा प्रेक्षकांचा हक्क आहे असे चौफुल्याच्या थिएटरात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. ती रंगमंचावरून, तीही तार षड्जावर, वेळेत आली तर आद्य हक्कदारांनी काय करायचे? ‘मास्तर, शिट्टी कुणी मारली?’ असे ऑक्टोपॅडवाल्याने विचारले तर मास्तरांनी निर्विकारपणे ‘निषादानं’ असे उत्तर द्यावे. ते शास्त्रशुद्ध आहे.

आता अन्योन्याभाव. त्याच यादीत १२८ आवाज आहेत. त्यांत आपले म्हणता येतील असे दोन: १०५ वर सतार आणि ११२ वर सनई. ढोलकी नाही, तबला नाही, संबळ नाही. पण १२६ वर हेलिकॉप्टर आहे आणि १२८ वर बंदुकीचा बार. यादी करणाऱ्यांना आपल्याकडच्या वरातींचा अंदाज नव्हता असे म्हणवत नाही. अडचण वेगळीच आहे. वायरीतून जाणारे आकडे ० पासून सुरू होतात आणि काही कंपन्या पडद्यावर तेच दाखवतात. काही मात्र १ पासून मोजतात, माणसासारखे. शून्यापासून मोजणाऱ्या धन्यावर ११२ लावले की एकपासून मोजणारा गडी ११३ काढतो. ११३ वर किणकिणणारी छोटी घंटी आहे. अंतरपाट धरलेला, गुरुजींनी अक्षता वाटलेल्या, आणि सनईच्या जागी घंटी. इथे गुरुजी भाविक असतील तर चूक झाकली जाते. मध्य सप्तकाच्या साठ नंबरच्या पट्टीला यामाहावाले सी-तीन म्हणतात आणि रोलंडवाले सी-चार, ही त्याच जातीची भाऊबंदकी. दोघांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि पट्टी दाबून पाहावी.

ट्रान्सपोजचा घोळ गायकाला थेट भोवतो. गायिका म्हणते, काळी एक. मास्तरांचा हात पांढरी एकवर बसलेला. ते धन्याचा ट्रान्सपोज एकाने वाढवतात. बरेच धनी वाढवलेलाच सूर पाठवतात. तोवर मदतीला तत्पर असलेल्या कोणीतरी गड्याचाही ट्रान्सपोज एकाने वाढवलेला असतो. आता धन्याची पेटी काळी एकला आणि गड्याची सनई पांढरी दोनला. दोघे एकमेकांपासून अर्ध्या सुरावर उभे. गायिका दोघांच्या मधला सूर लावते, जो कोणत्याच पट्टीत नाही, आणि खालून कोणीतरी म्हणतो, ‘ताईंचा गळा बसलाय.’ स्केल चेंजर पेटीत हा अपघात होत नसे, कारण सगळा पट्टीफलक सरकलेला डोळ्यांना दिसे.

आणि सर्वांत घोर आपत्ती: अडकलेला सूर. मास्तरांनी सनईचा सा धरला आहे. नवरीच्या करवलीचा पाय वायरीत अडकतो. वायर निघते. मास्तर बोट उचलतात. प्रध्वंसाभावाची वर्दी निघते, पण पोचायला वायर नाही. गड्याच्या मते पट्टी अजून दाबलेलीच आहे. पियानोचा आवाज लावला असता तर सूर हळूहळू विरला असता. सनई विरत नाही. ती पाहुणे जेवायला बसेपर्यंत वाजेल, जेवून उठेपर्यंत वाजेल, मुलीची पाठवणी झाली तरी वाजेल. हा धोका नियमकर्त्यांनी ओळखला होता. काही धनी ‘मी आहे, मी आहे’ असा २५४ हा आकडा पाठवत राहतात, आणि साधारण ३०० मिलिसेकंद तो आला नाही की गडी घाबरून गप्प होतो. पण ही हाक प्रत्येक धनी मारत नाही आणि प्रत्येक गडी ऐकत नाही. अशा वेळी उपाय तीन. वायर परत लावून तीच पट्टी पुन्हा दाबावी आणि सोडावी. किंवा सर्व सूर बंद करण्याचे बटण शोधावे, जे मेनूच्या सातव्या पानावर असते. किंवा वीज काढावी. चौथा उपाय कलावंताचा: त्या साला तंबोरा मानून गात राहावे. गायिका कसलेली असेल तर ती पहिल्या तिन्हींची वाट पाहत नाही.

‘मिडी लेट वाजते’ अशी तक्रार असते तिचा निकाल गणिताने लावतो. वायरीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका आकड्याला दहा बिट लागतात, तीन आकड्यांना सुमारे एक मिलिसेकंद. चार बोटांचा कॉर्ड दाबला तर शेवटचा सूर चारेक मिलिसेकंदांनी पोचतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज १.३ मीटर जातो, म्हणजे कीबोर्डापासून दोन पावले मागे सरकून ऐकले तर तेवढाच उशीर होईल. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, स्पीकरपासून १७ मीटरवर बसलेल्या आजोबांना सगळी पार्टीच ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि त्यांनी कधी तक्रार केलेली नाही. उशीर होतो तो सनईच्या आवाजामुळे, जो फुगत फुगत येतो, आणि मास्तरांमुळे, जे नाचणाऱ्यांकडे पाहत असतात.

नव्या काळात पाच पिनांचे भोकच गायब होऊ लागले आहे. स्वस्त कीबोर्डांना पाठीमागे फक्त यूएसबी. लोक म्हणतात, बरे झाले, साधी वायर. मग ते दोन कीबोर्ड यूएसबीने एकमेकांना जोडू पाहतात आणि काही होत नाही. यूएसबीत एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे असते. विचारण्याचे काम कॉम्प्युटरचे किंवा फोनचे. दोन्ही कीबोर्ड उत्तर देणाऱ्यांतले. मांडवात दोन जावई समोरासमोर बसावेत आणि दोघांनीही वाढप्याची वाट पाहावी, तसे ते बसून राहतात. मध्ये फोन किंवा तशी डबी घालावी लागते. १९८३ च्या वायरीला ही गरज नव्हती, आणि ज्यांच्या पेटाऱ्यात ती शिल्लक आहे त्यांनी ती कोणाला उसनी देऊ नये.

उरला एक व्यवहाराचा प्रश्न. एक ‘लोकल ऑफ’ नावाची आज्ञा आहे. ती दिली की कीबोर्डाच्या स्वतःच्या पट्ट्या आणि स्वतःचा आवाज यांची फारकत होते. काही यंत्रे वीज गेली की ही आज्ञा विसरतात. काही लक्षात ठेवतात, आणि मग दुसऱ्या दिवशी पट्ट्या दाबून आवाज येत नाही म्हणून मालक चांगला कीबोर्ड बगलेत मारून पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीला निघतो. पण हीच आज्ञा गड्याला दिली तर त्याच्यामागे कोणालाही उभे करता येते. समजा सुपारी ‘दोन कीबोर्ड’ अशी ठरली आहे. यजमान कीबोर्ड मोजतात आणि मागची माणसेही मोजतात. तेव्हा मास्तर आपल्या भाच्याला काळा गॉगल घालून गड्यामागे उभा करतात. तो दोन्ही हातांनी, डोळे मिटून, मान डोलवत काहीही दाबू शकतो. आवाज मास्तरांचाच येणार.

या पोराची बिदागी किती? एक पक्ष म्हणतो, पूर्ण. कारण यजमानाने दोघांचे पैसे दिले. दुसरा म्हणतो, शून्य. शून्य जोराने वाजवलेला सूर तो न वाजवलेला सूर, हे वर सिद्ध झालेच आहे. तिसरा, जो ग्रंथकाराचा आहे, म्हणतो, अर्धी. कारण वायर त्याच्या पायाशी आहे आणि करवल्या येताना दिसल्या की ती बुटाने बाजूला सारणे हे त्याचे खरे वादन. जेवणाबाबत मात्र तिन्ही पक्षांचे एकमत आहे. त्याला पहिल्या पंगतीला बसवतात, कारण तो मध्येच उठून गेला तरी सनई थांबत नाही.